पोटात तेल, पाठीवर विमानं : 'सुवानी' आणि तिच्या तीन बहिणी

सागरवेडा
दुसऱ्या महायुद्धातल्या विमानवाहू जहाजांचं कौतुक आपण नेहमीच वाचतो, एंटरप्राइझ, यॉर्कटाउन, मिडवेची लढाई वगैरे. पण गेले काही महिने ज्या चार जहाजांनी मला अक्षरशः झपाटलंय त्यांच्याबद्दल मराठीत कुठेच काही सापडलं नाही म्हणून हा धागा काढतोय. सुवानी, सँगामन, शनँगो आणि सँटी. चारही मुळात तेलाचे टँकर.

थोडं मागे जातो. १९३० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेच्या मॅरिटाइम कमिशनने (व्यापारी जहाजांचं सरकारी मंडळ) स्टँडर्ड ऑइलसारख्या तेल कंपन्यांना सांगितलं की तुम्ही टँकर बांधा, पण इंजिनं जास्त ताकदीची घाला, जास्तीचा खर्च सरकार देईल, आणि युद्ध झालं तर जहाज नौदलाला द्यायचं. तेव्हाचा साधा टँकर रमतगमत चालायचा, आरमाराबरोबर जायचं तर किमान १६-१८ नॉटचा (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वेग हवा. अशी १२ जहाजं बांधली गेली, ५५३ फूट लांब, ७५ फूट रुंद, दोन पंखे, १८ नॉट वेग. नौदलात हा सिमरॉन क्लास. त्यातलंच एक ४ मार्च १९३९ ला न्यू जर्सीतल्या कर्नीला पाण्यात उतरलं, नाव 'मार्के'. जून १९४१ मध्ये नौदलाने ते घेतलं आणि नाव ठेवलं सुवानी. नौदलाच्या तेलवाहू जहाजांना नद्यांची नावं द्यायची पद्धत होती, सुवानी ही जॉर्जिया-फ्लोरिडातली नदी.

मग पर्ल हार्बर झालं. विमानवाहू जहाजं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, नवीन मोठी जहाजं १९४३ शिवाय येणार नाहीत. तेव्हा या १२ टँकरांमधले चार काढून त्यांच्यावर धावपट्टी बसवायचं ठरलं. फेब्रुवारी १९४२ मध्ये सुवानी न्यूपोर्ट न्यूजच्या गोदीत गेली, वरचं सगळं बांधकाम उतरवलं, हँगर म्हणजे विमानं ठेवायची जागा उभी केली, त्यावर साधारण ५०० फुटांचा लाकडी डेक, विमानं वरखाली करायला दोन लिफ्ट, विमानाला जोराने ढकलून उडवणारं एक कॅटापल्ट. २४ सप्टेंबर १९४२ ला ती विमानवाहू म्हणून परत नौदलात दाखल झाली आणि ८ नोव्हेंबरला ती मोरोक्कोतल्या कॅसाब्लँकासमोर लढत होती! सहा आठवडे फक्त. लोकांना जहाजाचे जिने पाठ व्हायच्या आत लढाई.

आणि मला या धाग्यात जे सांगायचंय ते हे, की डेक चढवला, विमानं आली, पण खालचा टँकर कुणी काढला नाही. तेलाच्या टाक्या तशाच राहिल्या. युद्धभर या जहाजांनी जे काही केलं त्यात तो टँकर पावलोपावली दिसतो.

कोरी_पाटी
वा, विषय एकदम नवीन. एक बेसिक प्रश्न, टँकरच का? तेलाच्या टाक्यांवर बसून विमानं उडवायची म्हणजे बाँब पडला की संपलंच ना सगळं?

पंपमन
नमस्कार, मी रत्नागिरीकडचा, २६ वर्षं टँकरवर काढली, शेवटची बरीच वर्षं पंपमन म्हणून, म्हणजे तेलाचे पंप सांभाळणारा. कोरी_पाटी यांचा प्रश्न सगळेच विचारतात, घरचे पण विचारायचे, की बोटीत एवढं तेल, भीती नाही वाटत?

बघा, तेल आणि तेल यात फार फरक असतो. जहाजाच्या बॉयलरला जे लागतं ते काळं तेल, फर्नेस ऑइल. थंडीत ते इतकं घट्ट होतं की टाकीच्या तळाशी वाफेच्या नळ्या फिरवून गरम केल्याशिवाय पंप ओढत नाही, आम्ही तर हिवाळ्यात युरोपच्या बंदरात दोन-दोन दिवस आधी हीटिंग चालू करायचो. त्यात पेटती काडी टाकली तरी सहजी पेटत नाही. पेट्रोलचं तसं नाही, पेट्रोलची वाफ मारते. आणि भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त वाईट, कारण वाफ आणि हवा दोन्ही आत असतात. एका बोटीवर, कंपनीचं नाव नको, गॅस नीट न काढता टाकीत माणूस उतरवला होता, वर आणला तेव्हा तो बेशुद्ध होता, वाचला, पण तो चेहरा माझ्या डोळ्यापुढून अजून जात नाही. ते पण पेट्रोलचीच टाकी होती.

दुसरी गोष्ट टँकरच्या बांधणीची. साधं मालवाहू जहाज म्हणजे माल ठेवायची चार-पाच मोठी होल्ड, एकात पाणी शिरलं की जहाजाचा मोठा तुकडाच गेला. टँकरमध्ये लांबीच्या दिशेने दोन पोलादी भिंती जातात आणि आडव्या भिंती तर कितीतरी. म्हणजे मधली टाकी, डावीकडची, उजवीकडची, असे खणच खण. मसाल्याचा डबा डोळ्यासमोर आणा. एक वाटी फुटली तरी बाकीच्या वाट्या आपापल्या जागी. आणि तेल काढलं की जागच्या जागी समुद्राचं पाणी भरून जहाज सरळ ठेवता येतं. टँकरवाल्याचं आयुष्यच त्यात जातं, इकडची टाकी भर, तिकडची काढ, बोट सरळ ठेव.

सागरवेडा
काका, मसाल्याचा डबा हे डोक्यात पक्कं बसलं. मी चार महिने इंग्रजीत वाचून जे समजून घेत होतो ते तुम्ही चार ओळीत सांगितलंत. तुम्ही म्हणता तसंच पुढे सँटीच्या बाबतीत घडलं, त्यावर येतोच.

आधी शनँगोचं सांगतो. उत्तर आफ्रिकेच्या मोहिमेत, म्हणजे ऑपरेशन टॉर्चमध्ये, अटलांटिक बाजूला मोठं विमानवाहू जहाज एकच होतं, रेंजर. बाकी हे चार टँकरच. रेंजर आणि सुवानी मधल्या भागात फेदाला-कॅसाब्लँकासमोर, सँटी दक्षिणेला साफीसमोर, सँगामन उत्तरेला मेहदियासमोर. शनँगोवर स्वतःची लढाऊ विमानं जवळजवळ नव्हतीच, ती लष्कराची सत्तरहून जास्त पी-४० विमानं डेकवर आणि हँगरमध्ये खच्चून भरून घेऊन गेली होती, पोर्ट ल्योतेचा विमानतळ हातात आला की तिथे उडवून द्यायला. ते काम १० तारखेला सुरू झालं. आणि मग १३ नोव्हेंबरला ती कॅसाब्लँका बंदरात गेली आणि तिथे तिने २१ विनाशिकांना तेल दिलं. एकवीस! कल्पना करा, सकाळपासून एकेक विनाशिका बाजूला येतेय, दोर फेकले जातायत, होज पलीकडे जातोय, झडप उघडली, टाकी भरली, होज परत, पुढची या. तीन दिवसांपूर्वी ज्या जहाजावरून विमानं उडाली तेच जहाज आता पेट्रोल पंपासारखं उभं आहे. परतीच्या वाटेवर तिला वादळाने गाठलं आणि बरंच नुकसान झालं, पण ३० नोव्हेंबरला ती नॉरफोकला पोचली.

विनाशिका हे जहाज वेगवान पण टाकी छोटी. जोरात पळवली की तेल भराभर संपतं. ताफ्याबरोबर टँकर नसेल तर विनाशिकांना मागे फिरावं लागतं आणि त्या गेल्या की मोठी जहाजं उघडी पडतात. या चार जहाजांबरोबर तो प्रश्न बराच कमी झाला, कारण पंप बरोबरच चाललेला.

तळकोकण
मस्त धागा. पण मग अशी चारच का केली? १२ टँकर होते ना, बाराही करायचे.

सागरवेडा
याचं उत्तर वाचलं तेव्हा मी खूप वेळ तसाच बसून राहिलो होतो. टँकर उरलेच नव्हते. १ मार्च १९४२ ला जावाच्या दक्षिणेला पेकोस हे तेलवाहू बुडालं. मग मे महिन्यात कोरल समुद्राच्या लढाईत नियोशो गेलं, आणि नियोशो हे सुवानीचंच सख्खं भावंड, त्याच १२ मधलं.

७ मे १९४२ च्या सकाळी जपानी टेहळणी विमानाने नियोशो आणि तिच्याबरोबरची विनाशिका सिम्स यांना पाहिलं आणि कळवलं काय, तर एक विमानवाहू आणि एक क्रूझर दिसतेय. जपान्यांनी मोठा हल्ला तिकडे पाठवला. सिम्स बुडाली. नियोशोवर सात बाँब पडले, वर एक विमान येऊन आदळलं. तरी ती बुडाली नाही! इंजिनं बंद, जहाज कललेलं, आग लागलेली, आणि ती तशीच चार दिवस तरंगत राहिली, काही टाक्या रिकाम्या झालेल्या त्यांनीच तिला वर धरलं. ११ मेला हेन्ली ही विनाशिका तिथे पोचली, जिवंत माणसं उचलली आणि मग स्वतःच तिला बुडवलं.

आता तारखा शेजारी ठेवून बघा. जपानी वैमानिकाने टँकरला विमानवाहू समजण्याची चूक केली त्याच दिवसात तिकडे गोदीमध्ये तिच्या चार बहिणींना खरोखरच विमानवाहू बनवण्याचं काम चालू होतं.

तर टँकर इतके मोलाचे झाले होते की आणखी देणं परवडत नव्हतं. बाकीची छोटी विमानवाहू जहाजं मग मालवाहू जहाजांच्या सांगाड्यावर झाली. पण नौदलाला हे चार इतके आवडले की पुढे कमेन्समेंट बे नावाचा जो नवा वर्ग बांधला तो यांच्याच आराखड्यावर, टँकरच्याच सांगाड्यावर. लांब, जड, समुद्रात कमी हलणारं जहाज, त्यामुळे बाकीच्या छोट्या जहाजांपेक्षा यांच्यावर उतरणं वैमानिकांना सोपं जायचं.

निळीशाई
धागा आवडला, पण मला एक बाजू कमी वाटतेय. १८ नॉट वेगाचं काय? मोठी विमानवाहू जहाजं ३० च्या वर पळत होती. रेनेल बेटाजवळ काय झालं ते पण लिहा ना.

सागरवेडा
लिहितो, ते टाळून चालणारच नाही. जानेवारी १९४३, पॅसिफिकमधल्या ग्वादालकनाल बेटाच्या दक्षिणेला. शनँगो आणि सुवानी रिअर अॅडमिरल गिफन यांच्या ताफ्यात होत्या. गिफन यांना ठरल्या वेळेला ठरल्या जागी पोचायचं होतं आणि या दोघी १८ नॉटच्या पुढे जाईनात. वर विमानं उडवायची तर जहाज वाऱ्याच्या दिशेने वळवावं लागतं, म्हणजे आणखी मागे पडणार. शेवटी २९ तारखेला दुपारी गिफन यांनी त्यांना मागे सोडलं आणि क्रूझर घेऊन पुढे गेले. त्याच संध्याकाळी जपानी टॉर्पेडो विमानं आली, शिकागो ही क्रूझर जखमी झाली आणि दुसऱ्या दिवशी बुडाली. टँकरचं शरीर घेतलं की टँकरचा वेगही घ्यावा लागतो.

पण जिथे वेगापेक्षा टिकून राहण्याला किंमत होती तिथे बघा. सँटीने अटलांटिकमध्ये जुलै १९४३ मध्ये, अझोर्सच्या आसपास, यू-१६०, यू-५०९ आणि यू-४३ या तीन जर्मन पाणबुड्या एकाच महिन्यात बुडवल्या, तेव्हा नवीनच आलेला आवाजाचा माग काढत जाणारा टॉर्पेडो वापरून. दिवसेंदिवस समुद्रात राहायचं, विमानं वर ठेवायची, बरोबरच्या विनाशिकांना तेल पाजायचं. हे काम टँकरनेच करावं. पॅसिफिकमध्ये बाकीच्या तिघी तारावा, क्वाजालीन, हॉलंडिया, मारियाना अशा एकामागून एक बेटांवर उतरणाऱ्या सैनिकांच्या डोक्यावर विमानं ठेवत फिरल्या, पुढे सँटीही येऊन मिळाली.

पंपमन
तेल पाजायचं हा शब्द आवडला, आम्ही पण तसंच म्हणायचो.

चालत्या बोटीला तेल देणं मी नौदलात नव्हतो म्हणून केलेलं नाही, पण पाहिलंय. दोन जहाजं शेजारी शेजारी एकाच वेगाने चालतात, मधलं पाणी दोन्हीकडून दाबलं जाऊन नुसतं उसळत असतं, होज मध्ये झोळीसारखा लोंबतो. सुकाणूवरच्या माणसाने एक-दोन डिग्री इकडेतिकडे केलं तर होज ताणून तुटतो नाहीतर जहाजं एकमेकांना लागतात. दोरापाशी एक माणूस कुऱ्हाड घेऊन उभा, काही झालं तर सरळ तोडायचं.

सागरवेडा
आणि काका, ही पद्धत ज्यांनी सुरुवातीला घडवली त्यात निमिट्झ होते, तेच जे पुढे पॅसिफिक आरमाराचे प्रमुख झाले. १९१७ मध्ये ते मॉमी या तेलवाहू जहाजावर अधिकारी होते आणि अटलांटिकच्या मधोमध, युरोपकडे निघालेल्या विनाशिकांना चालता चालता तेल द्यायचं काम त्यांनी केलेलं.

आता लेयटे. हे लिहायला मला सगळ्यात जड जातंय.

२५ ऑक्टोबर १९४४, फिलिपिन्स. सुवानी, सँटी, सँगामन एकाच गटात होत्या, शनँगो आदल्या दिवशीच मोरोताईकडे निघून गेली होती. उत्तरेला सामारपाशी जपानी युद्धनौकांनी दुसऱ्या गटाला गाठलं होतं आणि यांची विमानं तिकडे मदतीला चाललेली. सकाळी ७:४० ला एक जपानी विमान सरळ सँटीच्या डेकमधून खाली हँगरपर्यंत घुसलं. ठरवून, संघटित पद्धतीने केलेल्या कामिकाझे, म्हणजे विमानासकट जहाजावर आदळायच्या आत्मघातकी हल्ल्यांचा तो पहिला दिवस. आग विझवतायत तोवर ७:५६ ला आय-५६ या पाणबुडीचा टॉर्पेडो सँटीला बसला. पाव तासात दोन घाव. बाकीच्या छोट्या विमानवाहूंचं टॉर्पेडोने काय होत होतं ते वर्षभर आधी माकिनजवळ दिसलं होतं, लिस्कम बे एका टॉर्पेडोने २३ मिनिटांत बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. सँटीचे काही कप्पे पाण्याने भरले, ती सहा डिग्री कलली. आणि थांबली. ९:३५ पर्यंत तात्पुरती दुरुस्ती झालेली होती. काकांचा मसाल्याचा डबा.

सँटीनंतर थोड्याच वेळात सुवानीची पाळी. विमान मागच्या बाजूने सूर मारत आलं, मागच्या लिफ्टच्या थोडं पुढे डेकला दहा फुटी भोक पाडून आत गेलं, त्याचा बाँब डेक आणि हँगरच्या मध्ये फुटला. दोन तासात त्या भोकावर ठिगळ मारून सुवानी परत विमानं उतरवत होती! दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच. नुकतंच उतरलेलं एक टॉर्पेडो विमान डेकवर होतं, त्याच्यावरच जपानी विमान येऊन आदळलं आणि दोन्हीचा एकदम स्फोट झाला. पुढे उभी असलेली नऊ विमानं एकामागून एक पेटली. आग काही तास चालली. शंभरहून जास्त माणसं गेली, दीडशेच्या वर भाजली, जखमी झाली.

जहाज तरंगत राहिलं. दुरुस्त होऊन जानेवारी १९४५ च्या शेवटी परत निघालं, आणि एप्रिलमध्ये ओकिनावाला हजर.

निळीशाई
हे वाचून सुन्न झालो. तरी स्पष्ट बोलतो, सागरवेडा, राग मानू नका. तुम्ही जहाजाच्या सांगाड्याला फार श्रेय देताय. सुवानीवरची शंभरहून जास्त माणसं पेट्रोलने आणि स्फोटाने गेली, त्यात टाक्यांच्या भिंती काही करू शकल्या नाहीत. आणि जे वाचलं ते पाण्याचे पाइप घेऊन आगीत गेलेल्या पोरांनी वाचवलं. सँगामनचं पण बघा, ४ मे १९४५ ला ओकिनावाजवळ संध्याकाळी कामिकाझे आदळलं, ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवायच्या जागेवरून, संपर्क तुटला, आग रात्री साडेदहापर्यंत चालली. ती बुडाली नाही हे खरं, पण इतकी भाजली की परत लढाईला आलीच नाही. आणि लिस्कम बेचा तर बाँबसाठाच फुटला होता, तशी वेळ सँटीवर आली असती तर?

सागरवेडा
राग कसला, बरोबर बोललात. बाँबसाठ्याचा मुद्दा मान्य, तिथे टॉर्पेडो कुठे लागला याला फार महत्त्व आहे. आणि माणसांबद्दल तर शंभर टक्के. मी इतकंच म्हणेन की त्या पोरांना आग विझवायला वेळ मिळाला, कारण पायाखालचं जहाज वीस-पंचवीस मिनिटांत निघून गेलं नाही.

तळकोकण
आपल्याकडचा एक दुवा जोडतो. टॉर्च चालू होतं त्याच आठवड्यात, ११ नोव्हेंबर १९४२ ला, इकडे हिंदी महासागरात ओंदिना हा डच टँकर आणि त्याच्या रक्षणाला आपल्या रॉयल इंडियन नेव्हीची छोटीशी बेंगॉल, यांच्यावर दोन जपानी सशस्त्र जहाजांनी हल्ला केला. समोरची दोन्ही जहाजं कितीतरी पटीने मोठी. त्यातलं होकोकू मारू बुडालं, टँकर आणि बेंगॉल दोन्ही वाचले, ओंदिनाचा कप्तान मात्र गेला. आणि १९७१ मध्ये कराचीवर गेलेल्या आपल्या क्षेपणास्त्र बोटींची पण तेलाची तीच अडचण, म्हणून बरोबर पोशक हा टँकर होता. बातमीत बोटी येतात, टँकर येत नाही.

कोरी_पाटी
शेवटी या चौघींचं झालं काय?

सागरवेडा
युद्ध संपल्यावर शनँगोने जपानमधून सुमारे १,९०० सुटलेले युद्धकैदी आणि छावण्यांमध्ये राबवून घेतलेले १,५०० नागरिक बाहेर काढले. मग सँगामन १९४८ मध्ये विकली गेली, बाकीच्या तिघी बरीच वर्षं नुसत्या बांधून ठेवलेल्या होत्या. सुवानी १९६२ मध्ये स्पेनमध्ये बिल्बाओला तोडली. तिच्या नावावर १३ बॅटल स्टार, म्हणजे लढायांमधल्या सहभागाची मानचिन्हं.

पंपमन
नातवाने आज मोबाईलवर सुवानीचा फोटो मोठा करून दाखवला, बाजूने काढलेला. वर विमानांचा डेक, खाली हँगर, आणि त्याच्याही खाली जहाजाच्या अंगाला मोठी मोठी चौकोनी भोकं आहेत, आतून पलीकडचा उजेड दिसतो. नातू विचारत होता आबा हे बाँबने पडलेत का. मी म्हटलं नाही रे, ते मुद्दाम सोडलेत. त्या भोकांचा खालचा काठ बघ, ती सरळ रेघ आहे ना, तो टँकरचा मेन डेक. पाइपलाइन तिथूनच जाते, झडपा तिथेच, टाक्यांची झाकणं पण तिथेच. आम्ही सकाळी सहाला वॉच संपली की तिथेच चहाचा कप घेऊन उभे राहायचो.